तंजावरची दुपार कुठे घालवायची?

सहल कंपनीच्या पत्रकात तंजावरला दोन तास दिले होते. सकाळी चिदंबरम, वाटेत जेवण, मग बृहदीश्वर, आणि रात्री मदुराईला मुक्काम. सासूबाईंनी चष्मा लावून पत्रक शेवटपर्यंत वाचलं आणि म्हणाल्या, "अगं, दोन तास तर मला चपला काढून परत घालायलाच लागतात." पत्रक रद्दीत गेलं आणि आम्ही आमचं आमचं जायचं ठरवलं.

आम्ही साताऱ्याचे. सज्जनगडावर जाणं-येणं कायमचं. गडावरच्या राममूर्ती तंजावरला घडल्या, ज्याने घडवल्या तो कारागीर अंध होता आणि समर्थांच्या कृपेने त्याला दृष्टी आली, ही कथा सासूबाईंनी घरात प्रत्येकाला सांगून झालेली. त्यामुळे तंजावर म्हणजे मूर्ती जिथून आल्या ते गाव, एवढी त्यांची ओळख पक्की. नवऱ्याच्या डोक्यात शिवाजीराजांचे सावत्र भाऊ, तंजावरचे व्यंकोजीराजे, आणि भोसले. नववीतल्या मुलीला फोटो काढायचे होते. तिसरीतल्या मुलाला रेल्वेत वरचा बर्थ हवा होता, बाकी त्याची काही अट नव्हती. चौघांना पुरेल असा बेत आखायचं काम माझ्याकडे आलं.

ओळखीच्यांना विचारलं की प्रत्येक जण यादी देतो. मोठं देऊळ, राजवाडा, सरस्वती महाल, कुंभकोणम, तिरुवैयारू, कल्लणै धरण, जमलंच तर वेलंकणीचं चर्च. यादीत चूक काहीच नसते, पण कुठलं कधी बघायचं हे त्यात कोणी सांगत नाही. तमिळनाडूत खरी अडचण दुपारची. बहुतेक देवळांचे गाभारे साडेबाराच्या सुमारास बंद होतात ते चारच्या सुमारास उघडतात. त्यात ऊन असं, की दगडी आवारात अनवाणी चालणं ही शिक्षा. दोन तासांची बस नेमकी भर दुपारी पोचते आणि लोक घरी येऊन सांगतात, "देऊळ मोठं आहे, पण पाय भाजले." मी वहीत प्रत्येक दिवसाच्या मध्ये एक जाड रेघ मारली. रेघेच्या अलीकडे-पलीकडे देवळं, रेघेवर छप्पर असलेल्या जागा. पुढचा सगळा बेत या रेघेने केला.

कधी जायचं हेही त्याच हिशेबातलं. मे महिना विचारातही घेऊ नका. दिवाळीची सुट्टी सोयीची वाटते, पण तिकडचा मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर, परतीच्या वाऱ्यांचा. आम्ही नाताळच्या सुट्टीत गेलो. एखादी सर आली, पण हवा छान होती आणि मार्गळी महिना असल्यामुळे पहाटे घरोघरी दारासमोर मोठमोठे कोलम, म्हणजे तिकडच्या रांगोळ्या. मुलीचा फोन पहिल्याच सकाळी त्यात निम्मा भरला. जानेवारीच्या मध्यावर पोंगल असतो. त्याच्या दुसऱ्या दिवशी, माट्टु पोंगलला, देवळातल्या महानंदीला भाज्या-फळांनी सजवतात. त्याच सुमारास तिरुवैयारूला कर्नाटक संगीतातले थोर रचनाकार त्यागराज यांची आराधना असते, तिथे शेकडो गायक-वादक एकत्र बसून पंचरत्न कीर्तनं म्हणतात. संगीताचा शौक असेल तर तेव्हाच जा आणि खोल्या फार आधी धरून ठेवा. लहान मुलं बरोबर असतील तर ती गर्दी टाळावी असं माझं मत.

पुण्याहून विमानाने चेन्नई, तिथून मेट्रोने आलंदूरला गाडी बदलून एग्मोर, आणि एग्मोरहून रात्रीची रेल्वे. पहाटे तंजावर. मुलाला वरचा बर्थ मिळाला. सहलीचा खर्च त्याच्यापुरता तिथेच वसूल झाला.

राहायला गावाबाहेरच्या बागबगीच्याच्या हॉटेलांपेक्षा स्टेशन आणि जुन्या बसस्टँडच्या आसपासची साधी खोली घ्यावी. देऊळ, राजवाडा, स्टेशन ही तिन्ही एकमेकांपासून फार लांब नाहीत, त्यामुळे दुपारी जेवून तासभर आडवं होता येतं. म्हातारं माणूस आणि लहान मूल बरोबर असताना ही सोय तलावाकाठच्या न्याहारीपेक्षा मोलाची. रिक्षावाले मीटर टाकत नाहीत. बसण्याआधी "एव्वळवु?" विचारायचं आणि बोटांवर आकडा ठरवायचा. सासूबाई हा शब्द पहिल्याच दिवशी शिकल्या आणि मग आमच्या सगळ्यांच्या वतीने घासाघीस त्याच करू लागल्या.

पहिल्या सकाळी सातच्या आत आम्ही मोठ्या देवळात. गावात त्याला पेरिय कोविलच म्हणतात, बृहदीश्वर हे नाव आपल्यासारख्या पाहुण्यांच्या तोंडी. सगळ्यात बाहेरचं दार मराठ्यांच्या काळातलं, त्याच्या आत चोळांची दोन गोपुरं आणि मग एकदम मोकळं आवार. पहिला राजराज चोळ याने १०१० मध्ये हे काम पुरं केलं. विमान, म्हणजे गाभाऱ्यावरचं शिखर, सुमारे २१६ फूट. आसपास सपाट भातशेती, डोंगराचं नाव नाही, म्हणजे हा सगळा ग्रॅनाइट लांबून आणलेला. मदुराईला गोपुरं आभाळात आणि गाभाऱ्यावरचं शिखर लहान. इथे उलटं, दारं बेताची आणि देवाच्या डोक्यावरच सगळा डोलारा. त्यामुळे आत पाऊल टाकताच नजर कुठे जावी याचा गोंधळ होत नाही.

मुलांना देवळात रमवायचं तर त्यांना शोधायला काहीतरी द्यावं. आमच्याकडे दोन कामं होती. पहिलं, शिखराच्या उत्तर अंगावर टोपी घातलेला एक गोरा माणूस कोरलाय तो शोधणं. गाइड सांगतात की राजराजाला पुढे येणारे इंग्रज आधीच दिसले होते. नवऱ्याने मुलांना दुसरी शक्यता सांगितली. तंजावरचा राजा रघुनाथ नायक याच्या काळात, १६२० मध्ये, डेन्मार्कच्या लोकांनी तरंगंबाडीला ठाणं घातलं, तेव्हापासून अशी टोपीवाली माणसं या भागात वावरत होतीच, आणि शिखरावर डागडुजी नंतरही होत राहिली. दुसरं काम संध्याकाळचं होतं. या शिखराची सावली जमिनीवर पडत नाही असं सगळीकडे ऐकायला मिळतं. चारनंतर परत गेलो तेव्हा मुलगा आवारात पसरलेल्या लांबलचक सावलीच्या कडेकडेने चालत गेला आणि एका गाइडच्या अगदी समोर उभा राहून म्हणाला, "ही काय मग?" गाइडला मराठी येत नव्हतं, हे बरं झालं. वरचा ऐंशी टनांचा घुमट अखंड दगडाचा आहे हेही असंच ऐकीव. तो अनेक तुकडे जोडून केलेला आहे असं अभ्यासक सांगतात, आणि मला तर जोडकाम जास्त अवघड वाटतं.

मोजे न्या. जाड सुती मोजे घालून दहा वाजेपर्यंत आरामात फिरता येतं. सासूबाई नंदीमंडपात बसल्या. नंदी एकाच दगडातला, वीस-पंचवीस टनांचा, नायकांच्या काळातला. आम्ही एक फेरी मारून यायचो तोवर त्यांची शेजारच्या तमिळ आजींशी गुडघेदुखीवर चर्चा सुरू झालेली असायची. भाषा एकीलाही दुसरीची येत नव्हती.

मराठी माणसाने इथे चुकवू नये ती जागा बसच्या दोन तासांत कोणी दाखवत नाही. आवाराला चारी बाजूंनी ओवऱ्या आहेत. नैऋत्य कोपऱ्याकडे, गणपतीच्या देवळाच्या बाजूला गेलं की भिंतीवर देवनागरी अक्षरं दिसू लागतात. ओळीमागून ओळी, भिंत संपली तर पुढच्या भिंतीवर. दुसऱ्या सरफोजीराजांनी १८०३ मध्ये भोसले घराण्याची बखर इथे दगडात कोरून घेतली. मजकूर त्यांच्या दरबारातल्या बाबूराव चिटणिसांचा. भिंतीच्या पलीकडे सगळीकडे चोळांचे तमिळ लेख, कुणी किती सोनं दिलं, कुठल्या गावाने किती भात द्यायचा, देवळात नाचणाऱ्या चारशे स्त्रियांची नावं. आणि अलीकडे ही आपली बखर. मुलगी बोट न लावता अक्षरं लावत वाचायला लागली. शब्द सलग कोरलेले, मधे जागा नाही, भाषा फारसी वळणाची. चार ओळींत तिला घाम फुटला, पण "शिवाजी" सापडल्यावर तिने नवऱ्याला अशी हाक मारली की दोन विदेशी पर्यटकही बघायला आले. इथे तासभर जातो. सकाळी जा, दुपारी त्या ओवरीतून मुलांना उन्हात आणणं जिवावर येतं.

आता दुपार. जेवण केळीच्या पानावर, वाफाळता भात, सांबार, रस्सम, दोन भाज्या, ताक. सांबार हा शब्द संभाजीराजांवरून आला आणि पदार्थ तंजावरच्या मराठी मुदपाकखान्यात जन्मला, ही आख्यायिका वाढप्याला आधीच ठाऊक होती. आम्ही मराठी आहोत कळल्यावर त्यानेच ती आम्हाला सांगितली आणि वर सांबार दोनदा वाढलं. पुरावा कोणी मागितला नाही.

दुपारी राजवाडा. मनात मैसूरचा झगमगाट धरून गेलात तर निराश व्हाल. नायकांनी बांधलेला, मराठ्यांनी वाढवलेला, बराचसा पडका, रंग उडालेला, कबुतरांनी भरलेला. पण छप्पर आहे, सावली आहे आणि आत तीन-चार वेगवेगळी खाती आहेत, त्यांची तिकिटं वेगवेगळी घ्यावी लागतात. सुट्टीचे वारही एक नाहीत, ते आदल्या दिवशी हॉटेलात विचारून ठेवा. दरबारमहालाचे रंगीत खांब आणि कमानी बघून घ्या. मुलांसाठी देवमाशाचा भलामोठा सांगाडा आहे, तरंगंबाडीच्या किनाऱ्यावर मिळालेला. राजवाड्यात देवमासा कशाला, असं मुलाने विचारलं नाही. त्याला ते योग्यच वाटलं.

वेळ मात्र राखून ठेवावा तो कलादालनासाठी. चोळांचे ब्राँझ आपण दिल्लीला, चेन्नईला काचेमागे बघतो. इथे ते ज्या मातीतून निघाले तिथेच, थोड्या धुळकट दालनात आहेत. तिरुवेंकाडूला सापडलेला १०११ सालचा वृषवाहन शिव एवढ्यासाठीसुद्धा तंजावरला यावं. जटा पागोट्यासारख्या गुंडाळलेल्या, कमरेला हलका बाक, एक पाय दुसऱ्यापुढे सैल टाकलेला, आणि एक हात बाजूला अलगद टेकवलेला. टेकवलेला कशावर, तर कशावरच नाही. शेजारचा नंदी काळाच्या ओघात नाहीसा झालाय. आपल्या बैलाच्या पाठीवर हात टाकून गप्पा मारत उभ्या असलेल्या शेतकऱ्याची ती ऐट आहे, आणि बैल नसताना ती जास्तच दिसते. मुलगा बराच वेळ त्या हाताखालच्या रिकाम्या जागेकडे बघत होता. सासूबाईंनी हात जोडले. बाजूच्या रखवालदाराने त्यांना बसायला आपलं स्टूल दिलं.

सरस्वती महाल ग्रंथालय त्याच आवारात. हस्तलिखितांची मूळ दालनं अभ्यासकांसाठी, आपल्याला छोटं संग्रहालय बघायला मिळतं, फोटोला बंदी. त्या बंदीमुळे मुलगी तिथे पहिल्यांदा नुसत्या डोळ्यांनी बघत होती. नायकांच्या काळापासूनचा हा संग्रह सरफोजीराजांनी, १७९८ ते १८३२ या त्यांच्या कारकिर्दीत, कुठल्या कुठे नेला. काशीयात्रेला गेले तरी पोथ्या गोळा करत आले. संस्कृत, तमिळ, तेलुगू, आणि सुमारे तीन हजार मराठी हस्तलिखितं, शिवाय मोडीतले दफ्तर. राजांनी १८०५ च्या सुमारास देवनागरी छापखाना घातला आणि इसापच्या गोष्टी मराठीत छापल्या, डोळ्यांच्या रुग्णांच्या नोंदी चित्रांसकट ठेवल्या. मुलांना यातलं काही सांगत बसू नका, त्यांना थेट चार्ल्स ले ब्रून या फ्रेंच चित्रकाराच्या चित्रांपाशी न्या. माणसाचा चेहरा आणि त्याच्याशी मिळताजुळता प्राणी, शेजारी शेजारी. घुबडासारखा माणूस, उंटासारखा माणूस. आमच्याकडे संध्याकाळपर्यंत सगळ्या नातेवाइकांना प्राणी वाटून झाले होते. कोणाला कोण, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

चारनंतर पुन्हा मोठं देऊळ. सकाळी राखाडी दिसलेला दगड संध्याकाळच्या उन्हात मधासारखा होतो. गावातली माणसं डबे घेऊन येतात, पोरं पळतात, कॉलेजच्या मुली गवतावर बसून अभ्यास करतात. सकाळी देऊळ बघायचं असतं, संध्याकाळी तिथे नुसतं बसायचं असतं. यासाठीच मुक्काम हवा.

एक दिवस कुंभकोणमच्या बाजूला ठेवावा. रेल्वे आहे, तासाभराचा रस्ता, पण सासूबाईंसाठी आम्ही गाडी केली. दारासुरमला बाराव्या शतकातलं ऐरावतेश्वराचं देऊळ. मोठ्या देवळापुढे लहान, पण इथे शिल्पं डोळ्यांच्या उंचीवर आहेत. रथासारखा मंडप, त्याला दगडी चाकं आणि ओढणारे घोडे. एक शिल्प असं, की एका बाजूने बघावं तर हत्ती, दुसऱ्या बाजूने बैल, डोकं एकच. मुलाने तळहाताने अर्धं अर्धं झाकत ते सगळ्यांना करून दाखवलं, ओळख नसलेल्यांनाही. तंजावरला दबून गेलेली मुलं दारासुरमला खुलतात.

मधली दुपार, वहीतली रेघ, स्वामीमलैला. सासूबाईंची खरी यात्रा ही. इथल्या स्थपतींच्या, म्हणजे मूर्तिकारांच्या, घरांत अजून मेण वितळवून ओतकाम चालतं. रस्त्यावरच दुकानं आहेत, पण "काम बघायचंय" असं सांगितलं तर मागच्या शेडमध्ये नेतात. मधमाश्यांचं मेण आणि राळ एकत्र करून आधी मूर्ती हाताने घडवतात, बोटांच्या पेरांपर्यंत. मग तिच्यावर कावेरीच्या गाळाच्या बारीक मातीचा पहिला थर देतात. तो सगळ्यात महत्त्वाचा, कारण मेणावरची प्रत्येक रेघ त्यानेच पकडायची. तो सावलीत वाळला की जाड मातीचे थर, वर तारा आवळलेल्या. साचा तापवला की मेण भोकातून वाहून जातं, आणि त्या पोकळीत पंचलोह, म्हणजे पाच धातूंचा रस, ओततात. थंड झालं की साचा फोडतात, त्यामुळे तशी दुसरी मूर्ती पुन्हा निघत नाही. मग महिनोन्महिने कानस आणि छिन्नी. डोळे अगदी शेवटी उघडतात.

सासूबाई तिथे दोन तास बसल्या. त्यांनी कारागिराला हिंदीत, मग मराठीत, मग खुणांनी विचारलं, की ज्याला दिसत नाही तो हे करू शकेल का. दुकानातल्या मुलाने तमिळमध्ये सांगितल्यावर त्या माणसाने मेणाचा एक हात उचलून त्यांच्या तळव्यावर ठेवला आणि त्यांचे डोळे आपल्या तळहाताने झाकून दाखवले, म्हणजे बघा. त्यांनी बोटं फिरवली. "नखंसुद्धा लागतात गं," म्हणाल्या. विकत काही घेतलं नाही. छोटीशी मूर्तीसुद्धा आमच्या आवाक्याबाहेरची होती आणि स्वस्तातली यंत्रावरची घ्यायला त्या तयार नव्हत्या. येताना कुंभकोणमला डिग्री कॉफी, पितळी डबऱ्यात, आणि इडलीबरोबर कडप्पा, म्हणजे मूगडाळ-बटाट्याची पातळ भाजी. तो पदार्थ मी घरी करून बघितलाय आणि सगळ्यांनी संपवला.

तिरुवैयारूला आराधना नसताना गेलात तर अर्धी सकाळ पुरते. कावेरीकाठी त्यागराजांची समाधी, अगदी साधी. ती बांधली बंगळूरच्या नागरत्नम्मांनी, स्वतःच्या पैशांनी, आणि बायकांना तिथे गाता यावं म्हणून भांडल्याही त्याच. बाजारात मूगडाळीचा अशोका हलवा मिळतो. तुपाने निथळतो, पण एकदा खाण्यासारखा आहे.

खरेदीबद्दल थोडं. सोन्याच्या वर्खाची तंजावर चित्रं चांगली हवी असतील तर महाग पडतात, आणि स्वस्त दिसली तर वर्ख खरा नाही असं समजा. मान हलवणाऱ्या बाहुल्या, तलैयाट्टी बोम्मै, हलक्या आणि मुलांच्या आवडीच्या, पण सुटे भाग वेगळे गुंडाळून घ्या.

कल्लणै आणि वेलंकणी आम्ही सोडलं. कल्लणै हा कावेरीवरचा फार जुना बांध, करिकाल चोळाच्या नावाने सांगितला जातो. पाणी असेल तेव्हाच त्याची मजा. वेलंकणीला जाऊन येण्यात अख्खा दिवस गाडीत जातो.

परतीचं विमान तिरुचीहून, तंजावरपासून साठेक किलोमीटर. विमान रात्रीचं असेल तर सकाळीच निघून श्रीरंगम करून घ्या, बाराच्या आत. डोंगरावरच्या उच्ची पिल्लैयारला चारशेच्या वर पायऱ्या आहेत. सासूबाईंनी गणपतीला खालूनच नमस्कार केला, मुलं बापाबरोबर वर गेली, आणि आम्ही दोघी समोरच्या दुकानात परतीच्या प्रवासाला केळ्याचे वेफर घ्यायला गेलो. ते तिथे खोबरेल तेलात तळलेले आणि साधे, दोन्ही मिळतात. विचारून घ्या, आमच्या घरी खोबरेलवाले कुणी खाल्ले नाहीत.